दोन सह्यांच्या मध्ये

कार्ड यंत्राला टेकवलं की हिरवा दिवा लागायचा, विझायचा, आणि मग यंत्र वाजायचं. विझणं आणि वाजणं यांच्यामध्ये थोडा वेळ जायचा. फार नाही, एक श्वास आत घेऊन व्हावा न व्हावा इतकाच. सालबियाचं तिकडे लक्ष जाई. रसायनशास्त्र शिकताना जडलेली सवय पुढे धर्मशास्त्र शिकतानाही सुटली नव्हती. काहीतरी संपलं आहे आणि दुसरं अजून सुरू झालेलं नाही, अशी जागा दिसली की तिची नजर तिथे अडकायची. राजधानीजवळच्या बांगीतल्या त्या दुकानात ती आत्ताही तेच पाहत होती. थोरल्या बहिणीसाठी घेतलेला नमाजाचा पांढरा पोशाख पिशवीत घातला जात होता. विक्री तोंडाने बोलायच्या रिवाजाप्रमाणे गल्ल्यावरची मुलगी थोरलीला मावशी अशी हाक मारत म्हणाली, “विकलं हं, मकचिक,” आणि थोरलीने, जन्मभर कोटा बारूच्या बाजारात कापड विकलेल्या बाईच्या सहजतेने, उत्तर दिलं, “घेतलं.” कार्ड सालबियाचं होतं, पण बोल थोरलीने बोलावा यात दोघींनाही काही गैर वाटलं नाही. यंत्र वाजलं. मुलीने पिशवी पुढे केली. थोरलीने ती धरली, पण उचलली नाही.

“मेक,” ती म्हणाली, “ती जमीन मी मशिदीला देऊन टाकली होती. तुला सांगायचं राहूनच गेलं.”

मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने घसा खाकरला. सालबियाने बहिणीला कोपराला धरून बाजूला घेतलं आणि विचारलं, कुठली जमीन. त्यांच्या घराण्यात जमीन नव्हती. वडील नदीकाठच्या मदरशात शिकवायचे आणि मदरशाच्याच खोलीत ते सगळे राहायचे. थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई, हिला एवढंही आठवू नये. बँकेची जमीन, ती म्हणाली. कार्डाच्या वेळची.

गाडीत बसल्यावर तिने सगळं सांगितलं; खिडकीबाहेर बघत, कुणा शेजारणीची हकिकत सांगावी तसं. तिला सगळे लोंग म्हणत, लोंग म्हणजे सगळ्यांत थोरली. निक मुनाह या तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आणि साठीला टेकलेल्या सालबियाला ती अजून मेक म्हणायची, त्यांच्या क्लांतान प्रांतात घरातल्या पोरीला म्हणतात तसं. बऱ्याच वर्षांपूर्वी लोंगने दुकानासाठी ते इस्लामी कार्ड घेतलं होतं. बँकेच्या कोटा बारूच्या शाखेतल्या तरुणाने तिला सगळं समजावलं होतं. व्याजावर पैसे देणं हराम, म्हणून बँक पैसे देत नाही. बँक तुम्हाला शाह आलमजवळच्या आपल्या जमिनीचा एक हिस्सा विकते, किंमत तुम्ही सवडीने द्यायची; आणि मग तोच हिस्सा लगेच कमी किमतीला रोखीने परत घेते. ती रोख म्हणजे तुमच्या कार्डातली रक्कम, दोन किमतींमधला फरक म्हणजे बँकेचा नफा. व्यापार हलाल आहे, मकचिक, तो म्हणाला होता, आणि हे लोंगला पटलं होतं, कारण ती स्वतः व्यापारीच होती. तिने पहिल्या कागदावर सही केली, तोंडाने “घेतलं” म्हणाली. आणि मग तो पोरगा थांबला. वरून तसा हुकूम आहे, तो म्हणाला. दोन सह्यांच्या मध्ये जरा थांबायचं असतं. त्याने तिच्यापुढे चहा ठेवला.

“जन्मात जमीन मिळाली ती एवढीच,” लोंग म्हणाली, “नि तीही चहा निवेपर्यंत. म्हटलं, हातात आहे तोवर आईच्या नावाने मशिदीला वक्फ करून टाकावी. तोंडाने म्हटलं हं मी, मनात नाही. त्या पोरानं ऐकलं. आमीन म्हणाला, हसला, नि दुसरा कागद पुढे सरकवला. मी केली सही.”

सालबिया गाडी चालवत राहिली. रस्त्याच्या दुतर्फा गवत इतकं उंच वाढलं होतं, की घरांची फक्त छपरं दिसत होती. लोंगच्या हजचा नंबर लागला होता. किती वर्षं ती त्या यादीत होती हे दोघींपैकी कुणीच मोजत नव्हतं, कारण मोजलं तर आशा दिसते आणि आशा लोंगला लाजिरवाणी वाटे. आता सत्तरी उलटल्यावर निरोप आला होता, आणि ती राजधानीकडच्या नातलगांचा निरोप घ्यायला, चुकलंमाकलं माफ करून घ्यायला बहिणीकडे आली होती. हजला जाणाऱ्याने मागे कुणाचं काही ठेवून जायचं नसतं. तुमच्याकडे खाल्लं-प्यालं ते हलाल करून द्या, असं दारोदार जाऊन म्हणायचं असतं. लोंग पंधरा दिवस तेच करत होती. आणि आज, त्या पांढऱ्या पोशाखाच्या दुकानात, सगळ्यांचं देणं-घेणं मिटवून झालं असं वाटत असताना, तिला आठवलं होतं की एक जण राहिला. “देवाला दिलेलं मी परत विकलं, मेक,” ती म्हणाली. “वक्फ केलेली वस्तू विकता येत नाही, हे अब्बांनी आपल्याला पाळण्यातच शिकवलं ना? मग मी काय तोंड घेऊन काबापुढे उभी राहू?”

तो थांबण्याचा हुकूम सालबियाचा होता. हे लोंगला माहीत नव्हतं. सालबियाला मात्र, तिने चहा म्हटलं त्याच क्षणी, ते ओळखू आलं होतं. व्यवहार धर्मात बसतो की नाही हे ठरवणाऱ्या बँकेच्या शरिया समितीवर ती होती, आणि समितीची ती खोली फार गार असे; ती नेहमी एक जादा शाल घेऊन जायची. टेबलावर करी पफची बशी असायची आणि तिच्या वाफेने समोरच्या कागदांचे कोपरे ओलसर व्हायचे. समितीचे अध्यक्ष सुखैमी, सगळ्यांचे उस्ताझ म्हणजे गुरुजी, तेव्हा ऐन उमेदीत होते, आवाज मऊ, दाढी नेटकी. त्यांनी त्या कार्डाची मांडणी अशी समजावली होती, की ऐकणाऱ्याला स्वतःच हुशार झाल्यासारखं वाटावं. विक्री हलाल, परत विकत घेणंही हलाल, दोन हलाल गोष्टी एकापाठोपाठ एक केल्या म्हणून हराम कशा होतील? आपल्या शाफई परंपरेत व्यवहार बाहेरून जसा दिसतो तसा धरायचा. मनात काय आहे ते अल्लाने बघायचं. सालबिया त्या टेबलापाशी एकटीच बाई होती आणि सगळ्यांत नवी. तिने घरून एक प्रश्न लिहून आणला होता: दुसऱ्या सहीला नाही म्हणण्याची मुभा गिऱ्हाइकाला आहे का? नसेल, तर पहिली विक्री ही विक्रीच नव्हे. मग ते फक्त वळसा घालून आलेलं व्याज आहे. प्रश्न तिच्यासमोर होता. तिने तो दोनदा वाचला. खोलीत वातानुकूलन यंत्राचा एकसुरी आवाज भरून राहिला होता, आणि त्या आवाजात तिला आपला आवाज मिसळवेना. मग ती म्हणाली होती, की निदान दोन सह्यांच्या मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा, म्हणजे मालकी खरोखर गिऱ्हाइकाकडे आल्यासारखी होईल. आल्यासारखी, हाच शब्द तिने वापरला होता. सगळ्यांनी मान डोलावली. अगदी सूक्ष्म सुधारणा, उस्ताझ म्हणाले, शास्त्र शिकलेल्या माणसाचीच नजर. मग त्यांनी विचारलं होतं, उस्ताझा, तुमची संमती धरायची ना, आणि ती काही बोलली नाही तेव्हा हसून म्हणाले होते, “निकाहात कुमारिकेचं मौन म्हणजे होकार. लिहा, होकार.” टेबलाभोवती हशा पिकला होता. तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि वय पन्नाशीकडे झुकलं होतं; हशात तीही सामील झाली होती, कारण तसं न करण्यालाही काही म्हणावं लागलं असतं.

घरी पोहोचल्यावर लोंगने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. येताना तिने गावाकडचं बुडू आणलं होतं, माशांचं ते काळसर आंबलेलं पाणी, आणि त्याचा वास बाटली उघडल्याबरोबर सगळ्या घरात पसरला. हा वास सालबियाच्या विद्यार्थिदशेचा होता. जॉर्डनला जाताना लोंगने तिच्या कपड्यांच्या घडीत एक बाटली लपवली होती, ती विमानात फुटली, आणि सालबियाचे पहिल्या सत्राचे सगळे पेहराव किनाऱ्यावरच्या होडीसारखे दरवळत राहिले. अम्मानच्या हवेतही तो वास गेला नाही. जॉर्डनला ती लोंगच्या बळावरच गेली होती. तोवर ती प्रयोगशाळेत होती, पोरांना काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रव सोडायला शिकवत होती, आणि ते काम तिला आवडत होतं. लोंगच म्हणाली, अब्बांच्या मागे घरात कुणीतरी शास्त्र जाणणारं हवं. मी कापडात अडकले, तू जा. नवऱ्यामागे लोंगने दुसरं लग्न केलं नाही, दुकान मोठं केलं नाही. सालबिया शिकली. मग कार्ड घेताना लोंगने फोन करून विचारलं होतं, मेक, हे ठीक आहे ना, तुझ्याच समितीचं आहे म्हणतात. सालबियाला तो फोन आठवत होता. फोनवर बाजारातला गोंगाट येत होता, कुणीतरी फणसाचा भाव करत होतं. ती एवढंच म्हणाली होती, घे लोंग, काही हरकत नाही. त्या वेळी तिला वाटलं होतं की आपण बहिणीचा वेळ वाचवतो आहोत.

पानावर भात वाढता वाढता लोंगने आपला निर्णय सांगितला. ती हजला जाणार नव्हती. नंबर परत करायचा, हजसाठी साठवलेले रिंगित काढायचे, आणि गावच्या सुरावशेजारी, त्या छोट्या नमाजघराशेजारी, जेवढी मिळेल तेवढी जमीन घेऊन सुरावला द्यायची. आईच्या नावाने, ठरलं होतं तशी. तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. नंबर पुन्हा कधी लागेल, असं सालबियाने विचारलं. लोंग हसली. “नाही लागला तर नाही लागला. चोरीची ओढणी घेऊन लग्नाला जाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.” मग तिने बहिणीच्या पानात आणखी भात वाढला आणि म्हणाली, तू खा, तुझं तोंड उतरलंय, तुझा काय दोष यात.

जेवणानंतर सालबिया आपल्या खोलीत गेली आणि तिने उस्ताझ सुखैमींना फोन लावला. हा पळपुटेपणा आहे हे तिला कळत होतं; ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे तो दुसऱ्याला विचारणं म्हणजे उत्तराला थोडा उशीर करणं. उस्ताझांनी सगळं ऐकून घेतलं, मध्येच एकदा मनापासून हसले, आणि म्हणाले, एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक पहिलंच. मग त्यांनी तोडगे सांगितले, एकापेक्षा एक सोपे. वक्फाची सरकारदरबारी नोंद झाली नाही, तेव्हा ते धरू नका. नाहीतर म्हणा की बोलणं गंभीरपणे नव्हतं. किंवा सावधगिरी म्हणून मशिदीच्या पेटीत काही टाकायला सांगा, मन हलकं होईल. “उस्ताझा, म्हातारीच्या मनाला औषध द्या,” ते म्हणाले. “कापाकापी कशाला करता?” आणि मग, जाता जाता, त्यांनी उद्याच्या बैठकीची आठवण करून दिली. कार्डाची नवी मांडणी मंजूर करायची होती. आता जमीन नव्हती. बँक गिऱ्हाइकाच्या नावाने पाम तेल घेणार आणि त्याच्याच नावाने दलालाला विकणार, गिऱ्हाइकाला तेलाच्या टाकीपाशी जायचीही गरज नाही. “तेल कोण वक्फ करणार?” उस्ताझ म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. व्याजाच्या सावलीत जगणाऱ्या साध्या लोकांना एक उघडं दार हवं असतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं. कित्येकदा सालबियालाही तसं वाटलं होतं, आणि तसं वाटतं म्हणून ती समितीत राहिली होती. निदान तिने स्वतःला हेच सांगितलं होतं. राजीनामा द्यायचा, नाहीतर विरोध नोंदवायचा, हे ती प्रत्येक रमजानात ठरवायची आणि ईद उलटली की ते ठरवणं ओल्या कपड्यासारखं दोरीवर पुढे सरकवायची.

ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तोडग्यांपैकी पहिला पुरेसा होता. नोंद नाही म्हणजे वक्फ नाही, एवढं म्हटलं की लोंग विमानात बसली असती. बहिणीचा आपल्यावरचा विश्वासही शाबूत राहिला असता. पण मग असं म्हणावं लागणार होतं, की बँकेच्या टेबलापाशी तोंडाने “घेतलं” म्हटल्याने जमीन लोंगची झाली, आणि तिथेच, त्याच तोंडाने “दिलं” म्हटल्याने ती देवाची झाली नाही. शब्दाला घेताना बळ आणि देताना नाही. सालबियाला प्रयोगशाळेतला तो गुलाबी रंग आठवला. नळीतून थेंब पडतो, जिथे पडतो तिथे द्रव क्षणभर गुलाबी होतो, चंबू हलवला की रंग नाहीसा. पोरं ओरडायची, झालं, मॅडम, झालं. ती म्हणायची, थांबा, हलवल्यावर टिकतो का बघा. टिकत नाही तो रंग धरायचा नाही. वर्षानुवर्षं तिने पोरांना हे सांगितलं होतं. आणि त्या गार खोलीत, दुसऱ्या सहीने नाहीशी होणारी मालकी तिने धरली होती. धरली जावी म्हणून वर थोडा वेळही मागून घेतला होता. त्या वेळात आजवर कुणी काही केलं नसेल. लोकांनी चहा घेतला असेल, घड्याळ पाहिलं असेल. फक्त लोंगने ती जागा खरी मानली, कारण ती जागा आपल्या मेकने राखली आहे हे तिला ठाऊक नसलं तरी, ते कार्ड मेकच्या समितीतून आलेलं आहे हे ठाऊक होतं. न तपासता दिलेल्या निवाड्याचा भार निवाडा देणाऱ्यावर पडतो, असं वडील म्हणायचे. सालबियाने तर तपासलं होतं. तपासून ती गप्प बसली होती. अशा माणसाविषयी वडील काय म्हणाले असते, हे तिने कधी विचारलं नव्हतं, कारण असा माणूस त्या मदरशाच्या खोलीत कुणाच्या कल्पनेतही नव्हता.

बाहेरच्या खोलीत लोंग जमिनीवर बसली होती. नवा पोशाख तिने उलगडून पाहिला होता आणि आता पुन्हा त्याच घड्यांवर मिटत होती, दुकानात परत करायचा असेल तर चुरगळलेला दिसू नये म्हणून. उन्हं पडद्यातून तिच्या हातांवर पडली होती. त्या हातांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांपुढे कापड उलगडलं होतं आणि न विकलेलं पुन्हा मिटलं होतं. सालबिया तिच्यासमोर बसली. गुडघा वाजला. थोडा वेळ तिने पोशाखाचं दुसरं टोक धरलं, मिटायला मदत केली. मग विचारलं, लोंग, तो पोरगा दुसरा कागद घेऊन आला तेव्हा तू म्हणाली असतीस की नाही, ही जमीन मला ठेवायची आहे, तर?

“तर कार्ड कुठलं मिळायला?” लोंग म्हणाली. “आणि जमीन तरी कुठली. त्यानं मला येड्यात काढलं असतं.”

“म्हणजे नाही म्हणता आलं नसतं.”

“नसतंच. सगळ्यांना ठाऊक होतं ते. त्यालाही, मलाही.” मग तिने बहिणीकडे निरखून पाहिलं, गिऱ्हाईक खरंच घेणार आहे की नुसतं बघतंय हे पाहावं तसं. “का गं?”

सालबियाने पोशाख खाली ठेवला. बोलायला तोंड उघडलं आणि काही क्षण नुसताच श्वास आत गेला. मग ती म्हणाली, “लोंग, ती जमीन तुझी झालीच नव्हती. चहा निवेपर्यंतसुद्धा नाही. जी वस्तू ठेवून घेता येत नाही ती विकलेलीच नसते. तू देवाचं काही विकलेलं नाहीस. देवाला द्यायला तुझ्या हातात त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. तू हजला जा.”

लोंगच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, भांड्यातलं पाणी हळूहळू स्थिर व्हावं तशी; आणि ती पुरती स्थिरावायच्या आतच खाली काहीतरी हललं. कापडाच्या कडेवरून तिचं बोट फिरत राहिलं. तिने त्या कार्डावर दुकान चालवलं होतं, मुलीचं लग्न केलं होतं, फिटेपर्यंत फेडलं होतं, आणि कधीही कुणी विचारलं तर अभिमानाने सांगितलं होतं, की आमच्याकडे व्याजाचं काही नाही, आमच्या मेकने बघून दिलंय.

“मग तू ठीक आहे म्हणाली होतीस ते?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर सालबियाला बरं वाटलं असतं.

खाली रस्त्यावरून पाववाल्याची मोटारसायकल भोंगा वाजवत गेली. तो आवाज वळणापलीकडे विरून जाईपर्यंत सालबियाने वाट पाहिली, आणि तो विरल्यावर, आता आणखी कशाचीही वाट पाहायची नाही हे तिला कळलं.

“ते ठीक नव्हतं,” ती म्हणाली, “आणि मला तेव्हाच माहीत होतं. त्याचा भार तुझ्यावर नाही, तू विचारून घेतलंस. तो माझ्यावर आहे. ते कार्ड शास्त्रात बसत नाही, लोंग, आता तेलाचं आणतायत तेही बसत नाही. उद्या समितीत मी हे माझ्या नावानिशी सांगणार आहे, आणि जुन्या कागदावरची माझी संमती मागे घेणार आहे.”